कवळाण्याचा गोपाळ

बडोद्याचे महाराज श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचे नाव ठाऊक नाही असा महाराष्ट्रीय विरळाच. परंतु हे थोर नरपती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत गोपाळ या नावाने नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात वाढत होते, हे आमच्या बालवाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल.

त्यांचा जन्म १८६३ च्या मार्च महिन्यात झाला. वडिलांचे नाव काशीराव. घराणे गायकवाडांचेच खरे. परंतु गायकवाडी राज्याचा पाया घालणाऱ्या पिलाजीरावांचे एक पुत्र दमाजीराव यांचा वंश बडोद्यास राज्य करू लागला, तर दुसरे पुत्र प्रतापराव यांच्या वंशजांच्या वाट्यास कवळाण्याची शेती आली. पिढ्या लोटल्या, आणि राजवाड्यास त्या भाऊबंदांचा जवळजवळ विसर पडला.

पुढे १८७५ साली मल्हारराव महाराजांस इंग्रज सरकारने पदच्युत केले. त्यांचे दिवंगत बंधू खंडेराव यांच्या राणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, आणि योग्य मुलाचा शोध सुरू झाला. जुनी नाती तपासण्यात आली, आणि कवळाण्याचे मूळ पिलाजीरावांपर्यंत पोहोचते असे ठरून तेथील मुले बडोद्यास नेण्यात आली. कशासाठी आलात, असे विचारताच गोपाळाने न डगमगता, राज्य करावयास, असे उत्तर दिले, असे सांगतात. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला.

वंशावळीने त्यास गादी दिली. विद्या मात्र देता आली नाही. त्यास अक्षरओळखही जेमतेमच होती. ज्या वयात इतर मुले चौथी-पाचवीची पुस्तके संपवितात, त्या वयात या राजास मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. इलियट या शिक्षकांच्या हाताखाली त्याने कसून अभ्यास केला, आणि डिसेंबर १८८१ मध्ये राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला.

आपल्यास उशिरा लाभलेले हे धन प्रजेच्या मुलांस वेळीच मिळावे, म्हणून त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. समाजाने ज्यांस जन्मावरून दूर लोटले होते, त्या भीमराव आंबेडकरांस १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली तीही याच महाराजांनी. ज्यांचे स्वतःचे भाग्य कुळाच्या शोधातून उदयास आले, त्यांनी विद्येच्या दारात कोणाचे कूळ विचारले नाही, हे आम्हांस त्यांच्या चरित्राचे सार वाटते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते निवर्तले.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभही वंशावळीनेच होतो. तीत राजांच्या नावांबरोबर परदेशी रूथेचे व सुतार योसेफाचेही नाव आहे. आपल्या शांती नगरातील बहुतेक कुटुंबे कोठून ना कोठून येऊन वसलेली; पणजोबांचे नावही पुष्कळांस सांगता येणार नाही. बालमित्रांनो, ते आईवडिलांस अवश्य विचारा व लिहून ठेवा. मात्र त्या यादीच्या शेवटी तुमचे नाव आहे, आणि त्याच्यापुढे काय लिहिले जावे हे तुमच्याच हाती आहे, याचा विसर पडू देऊ नका.