माझा आवडता फुटबॉलपटू : गरिंचा

‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. फुटबॉल म्हटलं की मुलं पेले, मॅराडोना नाहीतर मेस्सी लिहितात. यंदा त्यांना गरिंचाची गोष्ट सांगून बघा. मात्र ती पूर्ण सांगा, अर्ध्यावर सोडू नका.

गरिंचाचं खरं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३, ब्राझीलमधल्या रिओ राज्यातलं पाऊ ग्रांदे हे कापड गिरणीचं गाव. अंगाने लहानखुरा म्हणून बहिणीने त्याला एका इवल्याशा पक्ष्याचं नाव दिलं, गरिंचा. तेच जगभर झालं. त्याचे पाय जन्मापासून वाकडे होते. उजवा आत वळलेला, डावा बाहेर, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा सुमारे ६ सेंटीमीटर आखूड. असं मूल आपल्या शाळेत असतं तर खेळाच्या तासाला आपण त्याला कुठे बसवलं असतं? जरा विचार करा.

चौदाव्या वर्षी तो गिरणीत कामाला लागला. कामात लक्ष यथातथाच. पण गिरणीच्या फुटबॉल संघाचं त्याच्यावाचून पान हलेना. १९५३ मध्ये तो रिओच्या बोताफोगो क्लबमध्ये चाचणीला गेला. त्याच्यासमोर ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला बचावपटू निल्तोन सांतोस उभा होता. गरिंचाने चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढून नेला! निल्तोन चिडला नाही. उलट या पोराला लगेच क्लबमध्ये घ्या, असा त्यानेच आग्रह धरला. पुढे दोघं जिवलग मित्र झाले.

१९५८ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने संघासोबत एक मानसशास्त्रज्ञ नेले होते. त्यांनी खेळाडूंच्या लेखी चाचण्या घेतल्या. त्यांच्या मते गरिंचा मोठ्या सामन्यांसाठी योग्य नव्हता. सतरा वर्षांचा पेलेही नव्हता! पहिल्या दोन सामन्यांत दोघंही खेळले नाहीत. तिसऱ्या सामन्यात, सोव्हिएत संघाविरुद्ध, दोघांना उतरवलं आणि पहिल्याच मिनिटात गरिंचाचा फटका गोलखांबावर आदळला. ब्राझील २-० ने जिंकला. अंतिम सामन्यात स्वीडनवर ५-२ अशी मात केली, त्यातले पहिले दोन गोल गरिंचाने दिलेल्या पासवर झाले.

१९६२ मध्ये चिलीला पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. मग गरिंचाने भार उचलला. इंग्लंडविरुद्ध दोन गोल, उपांत्य सामन्यात चिलीविरुद्ध दोन गोल, आणि विश्वचषक पुन्हा ब्राझीलकडे. पेले आणि गरिंचा एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही. लोक त्याला ‘जनतेचा आनंद’ म्हणू लागले.

आता दुसरी बाजू. तो क्लबच्या कोऱ्या करारावर सही करून मोकळा व्हायचा. आकडा नंतर क्लब भरणार. गुडघे दुखत असतानाही त्याला खेळवलं जाई. दारूचं व्यसन वाढत गेलं. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला आणि त्याची पत्नी, प्रसिद्ध गायिका एल्झा सोआरेस हिची आई त्यात गेली. २० जानेवारी १९८३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, यकृताच्या आजाराने तो वारला. हाती पैसा उरला नव्हता. अंत्यदर्शनासाठी त्याचा देह माराकाना मैदानात ठेवला, तेव्हा हजारो लोक आले. हीच गर्दी आधी कुठे होती, हा प्रश्न मुलं विचारतीलच. विचारू द्या.

आपल्या वर्गातही असं एखादं पोर असतं, ज्याची हुशारी पेपरात दिसत नाही. ती निल्तोनसारखी ओळखणं हे आपलं काम आहेच. पण त्याच मुलाला सही करण्याआधी कागद वाचायला, दुखत असेल तर ‘दुखतंय’ म्हणायला आणि व्यसनाला नकार द्यायला शिकवणं, हेही आपलंच काम आहे. गरिंचाला हे कुणी शिकवलं नाही.

म्हणून निबंध लिहून घेताना मुलांना शेवटचा परिच्छेद गाळू देऊ नका. त्यावर वर्गात दहा मिनिटं बोला, आणि घरी पालकांनीही बोलावं.