वाण्याची यादी आणि लक्ष्मीबाई

दुपारी कामं आटोपून जरा टेकलं की हात आपसूक रिमोटकडे जातो. मालिकेतली सून दागिने घालून पोळ्या लाटत असते आणि सासू जिन्याआडून बघत असते. परवा ते बघताना मला एकदम लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. कारणही घरचंच. आमच्या यांना वाण्याकडे तूरडाळ आणायला पाठवलं, तर हे टेबललॅम्प घेऊन आले! स्वस्तात मिळाला म्हणे. लक्ष्मीबाईंच्या घरी हाच प्रकार घडला होता. घरात दाणा नाही म्हणून सामान आणायला गेलेले टिळक एक छानशी दौत घेऊन परतले. तेव्हापासून आमचे हे मला कवीच वाटतात, फक्त कविता तेवढ्या करत नाहीत.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घ्यायची. अकरा-बारा वर्षांच्या असताना, १८८०मध्ये त्यांचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडूनच. टिळक कवी, मनाचे उदार, पण तापट आणि लहरी. हातात पैसा टिकायचा नाही. कधी न सांगता निघून जायचे. संसार आज इथे, उद्या तिथे.

राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या माणसाने टिळकांना बायबल दिलं. पुढे १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. पाच वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या, त्यात पंढरपूरचा मुक्कामही आला. पदरात लहानगा दत्तू. विचार करा, आपल्यावर अशी वेळ आली तर आपण काय केलं असतं?

त्या टिळकांकडे गेल्या, पण लगेच धर्म सोडून नव्हे. अहमदनगरला आल्यावरही आधी आपली चूल वेगळीच ठेवली. मग हळूहळू त्यांचं त्यांनाच उमगलं, की जाती देवाने नाही, माणसाने केल्या. तेव्हापासून कुणाच्याही हातचं खायचं हे त्यांनी ठरवलं. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बाई ही नव्हे. मला त्या आवडतात त्या यासाठीच.

पुढे त्यांच्या घरात पोरक्या मुलांना आसरा मिळाला, आणि बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवीही मुलासारखा राहिला. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी कुणालाही पंगतीला बसवू लागली! १९१९मध्ये टिळक गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिलं होतं. त्याचे पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. कधीही शाळेत न गेलेल्या बाईने!

मुलगा देवदत्त म्हणजे तोच दत्तू. त्याला वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून त्या लिहायला बसल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. पहिला भाग १९३४मध्ये आला. १९३६मध्ये त्या गेल्या. पुढे विजया मेहतांनी त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. त्यात झगमगाट नव्हता, तरी नजर हलत नव्हती.

पुस्तकात रडगाणं कुठेच नाही. उपासमार, मुलांचे मृत्यू, नवऱ्याचा राग, सगळं सोसलेलं आहे, पण सांगताना बाई स्वतःलाच हसतात. नवऱ्याचे दोष झाकत नाहीत आणि त्याच्यावरची माया लपवत नाहीत. एकाच माणसाबद्दल ही दोन्ही खरं बोलणं किती अवघड, ते संसार केलेल्या बाईलाच कळतं.

तुमच्या गावच्या वाचनालयात हे पुस्तक नक्की असेल. मालिका एक दिवस चुकली तरी चालेल, गोष्ट पुढे सरकलेली नसतेच! दुसऱ्या दिवशी डाळ मीच आणली. आता संध्याकाळी कुकर होईपर्यंत त्या टेबललॅम्पखाली बसून मी पुन्हा ‘स्मृतिचित्रे’ वाचते आहे. हे मात्र यांना अजून सांगितलेलं नाही.