जेलीफिश शोधणारा वनस्पतिशास्त्रज्ञ

पुण्यातील गोपाळ गणेश आगरकर पथावर आघारकर संशोधन संस्था उभी आहे. नावांतील साम्यामुळे अनेकांची गफलत होते आणि संस्था 'सुधारक'कार आगरकरांचीच असावी असे त्यांना वाटते. वस्तुतः हे आघारकर मालवणचे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला. मुंबई विद्यापीठातून निसर्गविज्ञानात एम. ए. झाल्यावर एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते जीवशास्त्राचे साहाय्यक प्राध्यापक झाले.

त्या काळी जीवशास्त्राच्या शिक्षकाला प्राणी आणि वनस्पती ही दोन्ही दालने सांभाळावी लागत. आघारकरांना त्याचा लाभच झाला. सह्याद्रीत हिंडताना, कृष्णेच्या खोऱ्यातील सातारा जिल्ह्याच्या प्रवाहांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. जेलीफिश हा मुख्यत्वे समुद्रातील प्राणी. त्यातून सापडलेली ज्या वंशातील होती, तो वंश तोवर केवळ आफ्रिकेतूनच ज्ञात होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ च्या सुमारास तिचे 'लिम्नोक्निडा इंडिका' असे नामकरण केले. १९१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या शोधाची माहिती आली आणि मुंबई इलाख्यातील एका तरुण शिक्षकाचे नाव शास्त्रज्ञांच्या वर्तुळात पोहोचले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गाजलेल्या या माणसाला पहिली कीर्ती मिळाली ती एका प्राण्यामुळे!

इंग्रजी अमदानीत विज्ञानाच्या वरिष्ठ जागा बहुतांशी युरोपीयांकडे असत. याच पार्श्वभूमीवर कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे करीत होते. विधिज्ञ रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये त्यासाठी दहा लाख रुपये दिले. त्यातून निर्माण होणाऱ्या अध्यासनांवर भारतीयच नेमले जावेत, अशी अट होती. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनासाठी १९१४ मध्ये निवड झाली ती आघारकरांची.

अध्यासनाच्या प्राध्यापकांना परदेशी जाऊन अध्ययन करण्याची सवलत होती. त्यानुसार आघारकर बर्लिनला ॲडॉल्फ एंग्लर यांच्याकडे गेले. वनस्पतींचे वर्गीकरण आणि भौगोलिक प्रसार या विषयांत एंग्लर यांचा अधिकार मोठा होता. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध भडकले आणि ब्रिटिश प्रजाजन असलेले आघारकर शत्रूच्या मुलुखात अडकले. पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस यांच्यावरही जर्मनीत हाच प्रसंग ओढवला होता. आघारकरांना स्थानबद्धता सोसावी लागली. पद मिळाले होते, पण विद्यार्थी हजारो मैलांवर आणि संशोधन अर्धवट, अशी ती वर्षे गेली. सुटका झाल्यावर मात्र त्यांनी काम तडीस नेले. वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष प्रदेशांच्या वनस्पती कोठून आल्या आणि कशा पसरल्या, या विषयावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. जेलीफिशने विचारलेला प्रश्नही याहून फारसा वेगळा नव्हता.

कलकत्त्याला परतल्यावर सुमारे पाव शतक त्यांनी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा वाहिली. नेपाळसारख्या दुर्गम मुलुखातून त्यांनी वनस्पतींचे संकलन केले. इंडियन सायन्स काँग्रेसच्या आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेसच्या उभारणीच्या कामातही त्यांनी पुष्कळ वेळ दिला. अशा संघटनात्मक कामाची नोंद शोधनिबंधांच्या यादीत होत नाही, हे खरे.

१९४६ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा साठी उलटली होती. मालवणात स्वस्थ बसले असते तर कोणी बोल लावला नसता. कलकत्त्यात त्यांनी महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापिलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' जवळून पाहिली होती, सी. व्ही. रामन यांचे नोबेलविजेते संशोधन तेथेच झाले. महाराष्ट्रात तशी संस्था नव्हती. त्याच वर्षी पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी' स्थापन झाली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. प्रस्थापित विभागाचे प्रमुखपद भूषविलेल्या प्राध्यापकाने उतारवयात पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. गहू आणि सोयाबीनच्या तिने विकसित केलेल्या वाणांच्या नावांत मात्र विज्ञान वर्धिनीची 'एमएसीएस' ही इंग्रजी आद्याक्षरे कायम राहिली आहेत.