दात राखण्याची विद्या रुजविणारे डॉ. रफिउद्दीन अहमद

दाढ ठणकू लागल्याखेरीज दंतवैद्याची आठवण होत नाही. जळगाव-धुळ्याकडेही बहुतेकांची हीच रीत. मिश्री आणि तंबाखूने हिरड्यांची दुर्दशा झाल्यावर रुग्ण खुर्चीत येऊन बसतो आणि दात काढून टाकण्याची घाई करतो. अशा वेळी दंतवैद्याने दात काढून मोकळे व्हावे, की तो राखण्याची खटपट करून घरच्या मुलांनाही तपासणीला आणायला सांगावे? या व्यवसायाला भारतात शास्त्राचे अधिष्ठान देणारे डॉ. रफिउद्दीन अहमद यांचे चरित्र या प्रश्नाच्या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, देशात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

पूर्व बंगालमध्ये १८९० साली जन्मलेले अहमद अलीगढ येथे शिकून अमेरिकेस गेले. आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांनी १९१५ मध्ये मिळविली. पुढे बोस्टन येथील फोरसाइथ बालदंत रुग्णालयात त्यांनी काम केले. गरीब मुलांच्या दातांची वेळीच देखभाल व्हावी, या हेतूने ते रुग्णालय १९१४ मध्ये सुरू झाले होते. दुखणे विकोपाला जाण्याआधी उपाय करण्याचा हा संस्कार घेऊन १९१९ मध्ये ते मायदेशी परतले.

देशात तेव्हा दंतवैद्यकाचे एकही महाविद्यालय नव्हते. अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात ते काढले. त्याचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी चक्क सोडा-सरबताचे दुकान चालविले. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले, तर १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले. किडलेला दात स्वच्छ करून, भरून कामाचा कसा ठेवावा, हा त्या पुस्तकाचा विषय होता. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय त्यानंतर, १९३३ साली उभे राहिले.

नुसत्या शिक्षणाने भागणार नव्हते. कोणीही उठून दात उपटावेत, या प्रकाराला आळा घालण्यासाठी कायदा हवा होता. बंगालमध्ये १९३९ साली आणि देशभरासाठी १९४८ साली तो झाला. या दोन्हींमागे अहमद यांचे परिश्रम होते. १९४९ मध्ये त्यांनी आपले महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. पुढे पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळातही त्यांनी काम केले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. कोलकात्याचे ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आज धुळ्यातही दंत महाविद्यालय आहे. शिक्षण दाराशी आले; अडचण वेगळीच आहे. दात काढण्याचे, भरण्याचे पैसे मिळतात. ब्रश कसा धरावा, तंबाखू कशी सोडावी हे समजावण्यात गेलेल्या वेळेचे मोल सहसा कोणी देत नाही. पदरमोड करून महाविद्यालय चालविणाऱ्या अहमद यांनी नफ्याचा हिशेब दुय्यम मानला होता. दुखण्याआधीच दात तपासून घेणारा रुग्ण आणि त्यासाठी वेळ काढणारा दंतवैद्य यांची भेट वरचेवर घडू लागली, तरच त्यांनी घातलेल्या पायावर इमारत चढेल.