विजय सॅम्युएल हजारे

आजचा खेळाडू मोठा की कालचा, हा वाद आमच्या क्रीडांगणावर बारमाही चालतो. हॉकीचे भोक्ते ध्यानचंद व हरमनप्रीत सिंग यांस एकाच तराजूत घालतात. क्रिकेटचे भोक्ते गावसकर, तेंडुलकर व कोहली यांस. ह्या तराजूत विजय हजारे यांचे नाव सहसा पडत नाही. विद्यार्थ्यांस ते ठाऊक असते एका करंडकाचे नाव म्हणून. त्या नावामागील मनुष्य कोण होता, हे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हजारे यांचा जन्म दि. 11 मार्च 1915 रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, भावंडे आठ. मास्तरांच्या घरी आठ मुलांचा प्रपंच कसा चालतो, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळ पालकांस सांगावयास नको. प्रथम त्यांचे नाव झाले ते गोलंदाज म्हणून. पुढे जतच्या संस्थानिकांच्या आश्रयामुळे ऑस्ट्रेलियाचे विख्यात गोलंदाज ग्रिमेट यांच्या हाताखाली शिकण्याचा योग आला. हजारे बॅट दोन्ही पायांच्या मध्ये धरून काहीसे अवघडल्यासारखे उभे राहत. ही ढब जाणत्यांच्या डोळ्यांत खुपे. परंतु ग्रिमेट यांनी ती बदलू नये असाच सल्ला दिला. शिकविणाऱ्याने कोठे हात आवरावा, हेही एक शास्त्रच आहे!

सन 1939-40 च्या हंगामात पुण्यास महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढिल्या. हिंदी फलंदाजाचे हिंदुस्थानातील हे पहिलेच त्रिशतक. पुढे तेच बडोद्याच्या महाराजांच्या पदरी राहिले आणि बडोद्याचेच होऊन गेले.

त्या काळी मुंबईचे पंचरंगी सामने हा साऱ्या देशाच्या कौतुकाचा विषय असे. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे चार संघ धर्माने व वर्णाने ठरलेले. आणि 1937 पासून पाचवा संघ ‘रेस्ट’, म्हणजे बाकीचे. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी असे जे कोठेच बसत नसत, त्यांची ही मोट. सांगलीच्या मराठी मास्तरांचा मुलगा ‘बाकीच्यांत’ मोजला जाई. खेळात धर्मावरून फळ्या पाडणे गांधीजींस मान्य नव्हते, आणि आम्हांसही ती पद्धत कधी रुचण्यासारखी वाटली नाही. तथापि हजारे यांच्या आयुष्यातील सर्वांत नामांकित डाव ह्याच संघाकडून खेळला गेला, हेही खरे.

1943 सालची ही गोष्ट. विजय मर्चंट व विजय हजारे ह्या दोघांत श्रेष्ठ कोण, यावर मुंबईत तेव्हा पैजा लागत. पंचरंगी सामन्यांतील 243 धावांचा उच्चांक मर्चंट यांचा होता. मुसलमान संघाविरुद्ध 248 धावा काढून हजारे यांनी तो मोडिला. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद 250 धावा केल्या. विक्रम पुन्हा त्यांच्याकडे गेला. हिंदू संघाच्या धावा 5 बाद 581. रेस्ट संघ पहिल्या डावात अवघ्या 133 धावांत बाद झाला. त्यांपैकी 59 हजारे यांच्या. दुसऱ्या डावातही पडझड सुरूच झाली. तेव्हा हजारे यांच्या जोडीस त्यांचे बंधू विवेक आले. दोघांनी 300 धावांची भर घातली. तीत विवेक यांच्या धावा 21! एका भावाने केवळ उभे राहावे आणि दुसऱ्याने खेळावे, अशी ती भागीदारी होती. संघाच्या एकूण धावा 387, त्यांत हजारे यांच्या 309. म्हणजे जवळजवळ शेकडा ऐंशी. एवढे करूनही रेस्ट संघ एक डाव व 61 धावांनी हरला. आमच्या मते त्या 309 धावांइतकीच विवेक यांच्या 21 धावांचीही आठवण ठेविली पाहिजे. मर्चंट यांनी त्याच हंगामात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा काढून उत्तर दिले. 1946 मध्ये पंचरंगी सामने बंद पडले, ते कायमचेच.

पुढे 1947 च्या मार्चमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद (319) यांच्यासह हजारे (288) यांनी 577 धावांची भागीदारी केली. हा जागतिक उच्चांक 2006 पर्यंत अबाधित होता.

आता तुलनेची गोष्ट. 1948 च्या जानेवारीत ॲडलेड येथे ऑस्ट्रेलियाने 674 धावांचा डोंगर रचिला. हजारे यांनी 116 धावा केल्या. संघावर फॉलोऑन आला. दुसऱ्या डावात खाते उघडण्यापूर्वीच दोन गडी बाद झाले. लिंडवॉल यांनी त्या डावात सात बळी घेतले. तरी हजारे 145 धावा करून गेले. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना एका डावाने गेला. सहासष्ट वर्षांनी, डिसेंबर 2014 मध्ये, त्याच मैदानावर विराट कोहली यांनी 115 व 141 धावा केल्या. तोही सामना भारत हरला. कोहली यांच्या पहिल्याच चेंडूचा तडाखा शिरस्त्राणावर बसला होता. हजारे यांच्या काळी शिरस्त्राण नव्हते. कोहली यांनी 123 कसोट्यांत सरासरी 46.85 राखिली, हजारे यांनी 30 कसोट्यांत 47.65. ह्या दोन आकड्यांवरून थोरला-धाकटा ठरविणे आम्हांस पोरकटपणाचे वाटते. पण दोघांनी पराभव समोर दिसत असता कसे खेळावे हे दाखविले, एवढे ॲडलेडपुरते निश्चित म्हणता येते.

हजारे 1951 ते 1953 भारताचे कप्तान होते. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. पराक्रम मात्र विनू मंकड यांचा, त्यांनी बारा बळी घेतले. त्याच वर्षी लीड्स येथे भारताचे शून्य धावांवर चार गडी बाद झाले, तेव्हा हजारे यांनी 56 धावा करून लाज राखिली. ते मितभाषी व भिडस्त होते. कप्तानपदाने त्यांच्यातील फलंदाजाचे नुकसान केले, असे मर्चंट यांचे मत होते. प्रतिस्पर्ध्याचे मत असल्याने आम्ही त्यास अधिक वजन देतो.

1960 मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली, आणि दि. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाचा करंडक एकदिवसीय सामन्यांचा आहे, ही थोडी मौजच. कारण अशी एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या काळी नव्हतीच. नोव्हेंबर 2022 मध्ये त्या स्पर्धेत ऋतुराज गायकवाड यांनी एका षटकात सात षटकार मारिले. ते खेळत होते महाराष्ट्राकडून. आमचे जळगाव व धुळे जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात, आणि हजारे यांनी ज्याच्यासाठी 316 धावा काढिल्या, तोच हा संघ.