शून्य गुणांचा धनी : झाँ व्हिगो

(द्वितीय वर्ष, कला)

एखाद्या कलावंताने जन्मभर केलेले सगळे काम पाहून व्हायला किती वेळ लागेल? झाँ व्हिगो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. सुमारे पावणेतीन तास. म्हणजे आपल्याकडचा एक हिंदी चित्रपट. उण्यापुऱ्या पाच वर्षांत त्याने चार चित्रपट केले आणि त्यांतला एकच पूर्ण लांबीचा. एकावर सरकारने बंदी घातली, एकाची वितरकांनी कापाकापी केली आणि वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो हे जग सोडून गेला. तरीही जगभरच्या चित्रपटवेड्यांत त्याचे नाव आज आदराने घेतले जाते. असे काय होते त्या पावणेतीन तासांत?

मला त्याची ओळख गेल्या वर्षी झाली. एका शनिवारी संध्याकाळी आमच्या सरांनी वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि त्याचा 'वर्तणुकीत शून्य' हा सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचा चित्रपट दाखवला. भाषा फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरे, तीही भराभर पळणारी. आमच्यापैकी निम्म्यांना ती वाचता आली नाहीत. पण चित्रपट वसतिगृहातल्या मुलांचा होता, त्यामुळे आम्हाला दुभाष्याची गरज पडली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. आधी व्हिगोची कहाणी सांगितली पाहिजे.

झाँ व्हिगोचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे वडील मिगेल आल्मेरेदा या टोपणनावाने ओळखले जात. कोणतीही राजसत्ता न मानणाऱ्या अराज्यवादी पंथाचे ते कार्यकर्ते. कोवळ्या वयातच त्यांनी तुरुंग पाहिला होता. पुढे ते पत्रकार झाले आणि 'ल बोने रूज' म्हणजे 'लाल टोपी' या पत्राचे संपादक झाले. पहिले महायुद्ध चालू असताना या पत्राने शत्रूकडून, म्हणजे जर्मनीकडून पैसा घेतल्याचा आरोप झाला. ऑगस्ट १९१७ मध्ये आल्मेरेदांना अटक झाली आणि थोड्याच दिवसांत फ्रेनच्या तुरुंगात ते मृतावस्थेत सापडले. बुटाच्या नाडीने गळफास घेतला, असे सरकारने जाहीर केले. तो खून होता, असे अनेकांनी मानले. झाँ तेव्हा बारा वर्षांचा होता.

बाप गेला, एवढेच दुःख त्याच्या वाट्याला आले नाही. देशद्रोह्याचा मुलगा हा शिक्काही कपाळी आला. दक्षिणेकडच्या नातेवाइकांनी त्याला आधार दिला आणि मियो या गावच्या निवासी शाळेत घातले, पण खऱ्या नावाने नव्हे. तेथे तो झाँ साल या नावाने राहिला. १९१८ ते १९२२ अशी चार वर्षे या मुलाने आपल्या बापाचे नाव लपवून काढली. कल्पना करून पाहा. हजेरीला नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे, आणि ते नाव आपले नाही हे फक्त आपल्याला ठाऊक! पुढे शार्त्रच्या शाळेत शिकून तो मोठा झाला. वडिलांच्या नावावरचा डाग पुसला जावा ही तळमळ त्याच्या मनात शेवटपर्यंत राहिली.

शरीराने तो पहिल्यापासून नाजूक. तारुण्यातच क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते; डोंगरातली स्वच्छ हवा आणि विश्रांती, एवढाच उपाय. पिरेनीज पर्वतातील आरोग्यधामात त्याला लिदू भेटली. ती पोलंडमधल्या एका कारखानदाराची मुलगी आणि तीही रुग्णच. १९२९ च्या जानेवारीत दोघांनी लग्न केले आणि हवेसाठी समुद्रकाठच्या नीस शहरात बिऱ्हाड केले. सासऱ्यांनी एक लाख फ्रँक दिले. प्रकृती अशी असताना दुसऱ्या कोणी ती रक्कम दवापाण्यासाठी राखून ठेवली असती. व्हिगोने त्यातून एक जुना कॅमेरा विकत घेतला! आपले दादासाहेब फाळके आठवावेत. त्यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले होते आणि १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची इवलीशी फिल्म करून लोकांना या कलेची ताकद पटवली होती. दोघांचे देश वेगळे, काळ वेगळा, पण वेड एकच.

त्या कॅमेऱ्याने १९३० मध्ये 'नीसविषयी' हा सुमारे पंचवीस मिनिटांचा मूकपट तयार झाला. सोबत छायालेखक होता बोरिस कॉफमन, रशियाच्या प्रसिद्ध झीगा व्हेर्तोव्हचा धाकटा भाऊ. समुद्रकाठच्या रस्त्यावर खुर्च्या टाकून ऊन खात बसलेल्या श्रीमंतांचे चित्रण त्यांच्या नकळत करायचे होते. म्हणून कॉफमन चाकाच्या खुर्चीत बसला आणि त्याने कॅमेरा लपवून ठेवला. एकीकडे हे निरुद्योगी श्रीमंत, दुसरीकडे जुन्या गल्ल्यांतली गरिबी. ऐटीत चालणाऱ्या बाईनंतर पडद्यावर एकदम शहामृग येतो! निवेदन नाही, भाषण नाही, तरी दिग्दर्शकाचे म्हणणे लख्ख कळते.

पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, झाँ तारिस या जलतरणपटूवर त्याने दहा मिनिटांचा लघुपट केला. काम सांगून आलेले, विषय रुक्ष. पोहायचे कसे, एवढेच दाखवायचे. पण व्हिगोने कॅमेरा पाण्याखालचे दृश्य टिपायला लावला. तरंगणारे शरीर, तोंडातून निघणारे बुडबुडे, पाण्यात हसणारा चेहरा. शेवटी तारिस कोट-टोपी घालून पाण्यावरून चालत निघून जातो. ठरावीक कामातही आपला खोडकरपणा कसा जपावा, हे या दहा मिनिटांत शिकावे.

आणि मग आला 'वर्तणुकीत शून्य'. नुनेज नावाच्या एका व्यावसायिकाने पैसा पुरवला. १९३२ च्या डिसेंबरात चित्रीकरण सुरू झाले. दिवस मोजके, पैसा मोजका आणि दिग्दर्शक तापाने फणफणलेला. कित्येक प्रसंग वेळेअभावी सोडून द्यावे लागले. निवासी शाळेतील चार मुले कोसा, ब्रुएल, कोलाँ आणि ताबार कंटाळवाण्या शिस्तीविरुद्ध बंड करतात, एवढीच गोष्ट. वर्तणुकीत शून्य मिळाले की रविवारची सुट्टी बंद, अशी तेथली शिक्षा. कोसा आणि ब्रुएल ही व्हिगोच्या मियोच्या शाळेतल्या सोबत्यांची खरी नावे. स्वतःचे नाव जेथे लपवावे लागले, तेथल्या मित्रांची नावे त्याने पडद्यावर उघडपणे घेतली!

शाळेचा मुख्याध्यापक बुटका, दाढीवाला. टोपी ठेवायलाही त्याला हात उंचावावा लागतो. एक नवा पर्यवेक्षक तेवढा मुलांच्या बाजूचा. तो वर्गात हातांवर उलटा उभा राहतो आणि चार्ली चॅप्लिनची नक्कल करतो. रात्री उशा फाडून मुले धुडगूस घालतात आणि अचानक सारे संथ होते. बर्फ पडावा तशी पिसे तरंगत खाली येतात आणि त्यांतून मुलांची मिरवणूक निघते. त्या वेळचे संगीत मोरिस झोबेर याने रचले, वाजवले आणि मग उलटे फिरवून ध्वनिपट्टीवर घेतले. त्यामुळे ते ओळखीचेही वाटते आणि या जगातले नाही असेही वाटते. आमच्या खोलीत इतका वेळ चाललेला आरडाओरडा त्या प्रसंगाला आपोआप थांबला. शेवटी शाळेच्या समारंभाच्या दिवशी मुले छपरावर चढून पाहुण्यांवर जुने बूट, डबे, पुस्तके फेकतात. पाहुण्यांतल्या मागच्या रांगेत तर माणसे नाहीतच, नुसते पुतळे आहेत!

एप्रिल १९३३ मध्ये चित्रपट प्रथम दाखवला गेला आणि लगेच त्यावर बंदी आली. ती उठायला १९४५ साल उजाडावे लागले. बंदीमुळेच हा चित्रपट थोर ठरला, असे काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. बंदी आलेले कितीतरी चित्रपट लोक विसरून गेले. दोष याच्यातही आहेत. आवाज अस्पष्ट आहे, प्रसंग तुटक आहेत, पहिल्यांदा पाहताना कोण कोणता मुलगा हेही कळत नाही. पण मोठ्यांच्या नजरेतून मुलांकडे पाहणारे चित्रपट शेकडो आहेत. मुलांच्या नजरेतून मोठ्यांकडे पाहणारे फार थोडे. शिवाय एवढे सोसलेल्या माणसाने सूड म्हणून हा चित्रपट काढलेला नाही. तो खेळकर आहे. राग हसत हसत मांडणे, हे मला रागावण्यापेक्षा अवघड वाटते.

लघुपट म्हणजे मोठ्या चित्रपटाची पायरी, असे आपण समजतो. व्हिगोच्या बाबतीत तो मोठ्या चित्रपटाचा झराच होता. १९३४ च्या 'लातालांत' या त्याच्या एकमेव पूर्ण लांबीच्या चित्रपटात मालवाहू नावेवरचा तरुण नावाडी रुसून गेलेल्या बायकोला शोधत पाण्यात बुडी मारतो आणि तिचा चेहरा त्याला पाण्यातच दिसतो. हे पाणी 'तारिस'मधले! पण कडाक्याच्या थंडीत कालव्यांवर केलेल्या या चित्रीकरणाने व्हिगो अंथरुणाला खिळला. वितरकांनी चित्रपट कापला आणि एका लोकप्रिय गाण्यावरून त्याचे नावही बदलले. तो पडला. ५ ऑक्टोबर १९३४ रोजी व्हिगोची प्राणज्योत मालवली. लिदूही १९३९ मध्ये गेली. मागे उरली त्यांची लहानगी मुलगी ल्यूस. ती पुढे चित्रपट समीक्षक झाली.

काळाने मात्र न्याय केला. १९५१ पासून फ्रान्समध्ये स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकांना व्हिगोच्या नावाने पुरस्कार दिला जातो. पुढे तो लघुपटांनाही मिळू लागला. त्रुफोच्या १९५९ च्या 'फोर हंड्रेड ब्लोज'वर आणि लिंडसे अँडरसनच्या १९६८ च्या 'इफ'वर 'वर्तणुकीत शून्य'ची छाया स्पष्ट दिसते. कापलेला 'लातालांत' १९९० मध्ये पुन्हा जुळवण्यात आला.

आता त्या रात्री झोप का लागली नाही ते सांगतो. त्या चित्रपटातल्या कोलाँची आई शाळेची स्वयंपाकीण आहे. रोज रोज घेवड्याच्याच बिया खाऊन वैतागलेली मुले जेवणघरात ओरडू लागतात आणि कोलाँ मान खाली घालतो. कारण ओरडा जेवणाविरुद्ध असला, तरी लागतो तो त्याच्या आईला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. पहिल्या वर्षाच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'नोकरी' असे लिहिले होते. खोलीतल्या मित्रांनाही तेच सांगितले होते. एकदा वडील डबा घेऊन आले, तेव्हा मी त्यांना फाटकाबाहेरूनच परत पाठवले. झाँ सालला नाव लपवणे भाग पडले होते. मला कोणीच भाग पाडले नव्हते.

यंदाच्या अर्जात त्या रकान्यात मी 'हमाली' असे लिहिले आहे. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. वडिलांना मात्र अजून फाटकाच्या आत आणलेले नाही. हा अंक छापून झाला की तो न्यायला त्यांनाच बोलावणार आहे.