सूक्ष्मदर्शकाशी निष्ठा राखणारे डॉ. कार्टर

रत्नागिरी : येथील पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत शौचाचा नमुना दिला, की त्याचा कण काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. जंतांची अंडी उशिरानेही ओळखता येतात. अमीबाची हालचाल पाहायची, तर नमुना ताजाच हवा. रोगाचे नाव केवळ लक्षणांवरून न ठेवता काचपट्टीवरील परजीवीवरून ठेवावे, हा आग्रह मुंबई इलाख्यात ज्यांनी प्रथम धरला, त्यांत डॉ. हेन्री वॅन्डाइक कार्टर अग्रणी होत. त्यांचे परजीवी आतड्यातील नव्हते; पद्धत मात्र हीच होती.

इंग्लंडमधील हल येथे १८३१ साली जन्मलेले कार्टर जगाला ठाऊक आहेत ते 'ग्रेज अॅनाटॉमी' या ग्रंथाचे चित्रकार म्हणून. १८५८ साली तो ग्रंथ गाजला. ग्रे यांना मानधन मिळत राहिले. कार्टर यांच्या पदरी एकदाच दीडशे पौंड पडले. मुखपृष्ठावरील त्यांचे नावही ग्रे यांनी लहान टायपात घ्यायला लावले. तोवर कार्टर मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले होते.

अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय सुजत, त्यांतून काळे दाणे बाहेर पडत. ती बुरशी असल्याचे त्यांनी दाखविले व रोगाला 'मायसेटोमा' हे नाव दिले. पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन असताना त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास केला. नॉर्वेला जाऊन तेथील व्यवस्थाही पाहिली. रत्नागिरी जिल्ह्यातही तेव्हा हा रोग पुष्कळ होता. रुग्णांना वेगळे ठेवण्याची त्यांची शिफारस आज पटणारी नाही. कुष्ठरोग औषधांनी बरा होतो, हे कळायला अजून बराच काळ होता.

त्यांची खरी कसोटी लागली १८७७ साली. दुष्काळाने गांजलेली माणसे मुंबईत येत होती आणि तापाने दगावत होती. ताप उतरे, काही दिवसांनी पुन्हा चढे. हा हिवताप की आणखी काही, हे लक्षणांवरून सांगणे कठीण होते. आणि हिवतापावरील क्विनाइन येथे निरुपयोगी होते. कार्टर यांनी रुग्णांचे ताजे रक्त तपासले. त्यात मळसूत्री आकाराचे, वळवळणारे जंतू दिसले. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी पाहिलेले हेच जंतू होते. ताप उतरला, की ते रक्तात दिसेनासे होत. म्हणून तपासणीची वेळ साधावी लागे. माकडांना रोग्याचे रक्त टोचून त्यांनी पुरावा पक्का केला. जंतू माणसापर्यंत पोचतो कसा, हे मात्र तेव्हा उमगले नाही. उवांचा त्यातील वाटा मॅकी यांनी १९०७ साली, तोही नाशिकच्या साथीतून, दाखविला.

लाव्हेरान यांनी १८८० साली अल्जीरियात हिवतापाचा परजीवी पाहिला, तरी अनेक डॉक्टर त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. भारतात तो रक्तात पाहून नोंदविणाऱ्या पहिल्या काही जणांत कार्टर होते. १८८८ साली ते निवृत्त होऊन मायदेशी परतले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात तोच परजीवी सापडला, तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.